उपाशी टाकीची शिल्लक

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. मासे मी पाळले नव्हते. मासे आमच्या लेकीचे. मी फक्त त्यांचा ताबा घेतला होता, आणि तोही रीतसर सही करून. तरी इमारतीत आज मला 'मासेवाले काका' म्हणतात. समोरचे विमावाले तर जिन्यात गाठ पडली की आधी माझ्या हातात बादली आहे का ते बघतात आणि मग नमस्कार करतात.

लेक मत्स्यशास्त्रात मोठी पदवी करते. तिचा विषय असा, की तळ्यात वाढवायच्या माशांना काही आठवडे कमी खायला घातलं तर ते किती खुरटतात, आणि मग पुन्हा पोटभर दिलं तर मागची कसर भरून काढतात का. हे ऐकून आमची ही म्हणाली, "त्यासाठी मासे कशाला? डॉक्टरांनी तुझ्या बाबांना पथ्यावर ठेवलं होतं तेव्हा बघायचंस." पथ्य सुटल्यावर मी दोन महिन्यांत सगळी कसर भरून काढली होती हे खरं आहे. पण ते लेकीसमोर काढायचं काही कारण नव्हतं.

तर झालं असं, की कॉलेजातल्या प्रयोगाच्या शेडचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलं, आणि नेमकं तेव्हाच लेकीला दोन महिने लांबच्या एका धरणावर कामाला जायचं होतं. तिच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढणार नाही, असं तिच्या सरांनी निक्षून सांगितलेलं. म्हणजे या आठ आठवड्यांत प्रयोग पुरा झाला तर पदवी, नाहीतर चार वर्षांची मेहनत पाण्यात. पोर चार दिवस नीट जेवली नव्हती. मी म्हटलं, "टाक्या घरी आण. मी आहे."

मी कोण, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. एकतीस वर्षं मी एका रुग्णालयाचं भांडार सांभाळलं. चादरी, उशा, लोखंडी खाटा, थर्मामीटर, बेडपॅन. एकतीस वर्षांत एकाही तपासणीत एक नग कमी भरला नाही. निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी हे बोलून दाखवलं तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समोरच्या पंख्यामुळे आलं असं ती म्हणते, पण ते जाऊ दे. आता रुग्णालयात चादरी हरवत नाहीत असं थोडंच आहे? चादरींना पाय फुटतात. पण मुरलेला भांडारवाला बोंब मारत बसत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी तो लाँड्रीतून तेवढ्या चादरी आणतो, त्यांच्यावर आपला शिक्का मारतो आणि घडी घालून ठेवतो. साहेब मोजतात, चहा पितात, सही करतात. याला लबाडी म्हणत नाहीत. याला मेळ बसवणं म्हणतात.

टाक्या वर चढवायच्या आधीच इमारतीचे सेक्रेटरी कागद घेऊन खाली उभे. पाळीव प्राण्यांचा अर्ज. तो कुत्र्यांसाठी केलेला, त्यामुळे रकाने तसेच: प्राण्याचे नाव, रंग, लस टोचल्याचा दाखला, चावतो का. मी म्हटलं, "साहेब, हे साठ आहेत." ते म्हणाले, "मग साठ अर्ज." अर्ध्या तासाच्या वाटाघाटीनंतर एकावर तडजोड झाली. नावाच्या रकान्यात मी 'सदर साठ' असं लिहिलं, रंग करडा, आणि 'चावतो का' याच्यापुढे ठसठशीत अक्षरात 'नाही'. सेक्रेटरींनी खाली लाल पेनानं टीप घातली: संख्या वाढल्यास अनधिकृत, घटल्यास मृत्यूची सूचना तीन दिवसांत, तीन प्रतींत. मला उलट बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतं.

लेकीच्या खोलीत, तिचं अभ्यासाचं टेबल आणि जुनं कपाट यांच्या मधे, जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन टाक्या बसल्या. प्रत्येकीत तीस मिशाळ मासे, प्रत्येक चार बोटं लांब. ओळख पटावी म्हणून लेकीनं प्रत्येकाच्या शेपटीला कात्रीनं बारीक खाच पाडली होती. डावी टाकी पोटभर: सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला खाद्याच्या गोळ्या. उजवी टाकी उपाशी: एक दिवस गोळ्या, मग दोन दिवस काही नाही. पाच आठवडे असं, आणि शेवटचे तीन आठवडे तिलाही पोटभर.

"बाबा, दया दाखवायची नाही," लेक पिशवीची चेन ओढत म्हणाली. "रोज मोजायचे, रविवारी दहा काढून वजन करायचं, आणि जे असेल ते वहीत लिहायचं."

"अगं, मला शिकवतेस होय?" मी म्हणालो.

पहिला आठवडा सुरळीत गेला. पोटभर टाकीतले मासे माझी दखलही घेत नसत. खाऊन तळाशी पडायचे, सुट्टीच्या दिवशी माणसं पडतात तसे. उपाशी टाकीचं वेगळं होतं. पाचव्या दिवशी दार उघडलं तर तीसच्या तीस मासे दाराकडच्या बाजूला, तोंडं माझ्याकडे, मिशा प्लास्टिकला टेकलेल्या. मी टेबलाकडे गेलो, ते टेबलाकडे आले. खिडकीकडे गेलो, खिडकीकडे. पाण्याचा आवाज नाही की काही नाही. नुसती तोंडं उघडायची आणि मिटायची. "आज नाही, परवा," मी मोठ्यानं सांगितलं. सांगून झाल्यावर आपण कुणाशी बोलतोय असं वाटून दार हळूच लोटून घेतलं.

ही एकदा झाडू घेऊन आत गेली आणि न झाडताच बाहेर आली. "मी त्या खोलीत पुन्हा जाणार नाही."

"का? काय करतात बिचारे?"

"तुम्ही त्यांना रोज मोजता ना? ते तुम्हाला मोजतात."

बायकांना काहीही वाटतं, असं मी म्हणालो. पण त्या दिवसापासून आत जाताना मी दार उघडं ठेवायला लागलो.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी उपाशी टाकीत एकोणतीस भरले. पुन्हा मोजले, एकोणतीस. टाकीवरची जाळी चारी बाजूंनी बांधलेली, वर वीट तशीच. फरशी कोरडी. पाण्यावर मेलेला मासा नाही, तळाशी नाही, पंपाच्या नळीत नाही. मी कपाटामागे पाहिलं, गादीखाली पाहिलं, लेकीच्या बुटांत पाहिलं. मासा बुटात जात नाही हे मला कळतं. पण तूट शोधताना माणूस अशक्य जागा आधी बघतो. तेवढ्यात मान वर केली, तर एकोणतीस मासे एका रेषेत उभे राहून माझं शोधणं बघत होते.

विमावाल्यांना विचारलं. ते म्हणाले मांजर. मी म्हटलं, मांजर जाळीची गाठ परत बांधून जात नाही. मग ते म्हणाले चोर. मी म्हटलं, चोर एकच मासा का नेईल? त्यावर ते आवाज खाली आणून म्हणाले, "एकच नेला म्हणजे त्याला घाई नाही." हा माणूस लोकांना विमा कसा विकतो हे मला तेव्हा कळलं.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? लेक धरणावर, फोन लागला तर लागला. सेक्रेटरींना तीन प्रतींत मृत्यूची सूचना द्यायची, तर मृतदेह कुठाय? आणि वहीत 'एकोणतीस' लिहायला पेन टेकवलं तर हात पुढे सरकेना. एकतीस वर्षांची सवय आहे. मी वही मिटली, बादली घेतली आणि बाजारात गेलो. मासेवाल्या बाईकडे टबात हीच जात जिवंत होती. चार बोटांचा एक निवडला. घरी हिच्या नखं कापायच्या कात्रीनं त्याच्या शेपटीला खाच पाडली आणि त्याला टाकीत सोडलं. तीस. मेळ बसला. मी वहीत सही केली.

शुक्रवारी अठ्ठावीस भरले.

त्यानंतर माझा आणि बाजाराचा रतीब सुरू झाला. मासेवाली बाई पहिल्यांदा म्हणाली, "कापून देऊ?" मी म्हटलं, "नको, जिवंतच." चौथ्या खेपेला तिनं विचारलं, "घरी कापता?" "नाही, ठेवतो." सातव्या खेपेला मासा बादलीत टाकताना ती थांबली. "काका," ती म्हणाली, "घरी आहे तरी कोण?" मी पैसे ठेवून बादली उचलली. जिन्यात सेक्रेटरींनी बादलीत डोकावायचा प्रयत्न केला तेव्हा मी वर टॉवेल टाकला, आणि त्यामुळे संशय जास्तच वाढला.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला, उलगडा झाला. खिडकीतून ऊन थेट टाकीत पडलं होतं आणि पाणी काचेसारखं नितळ होतं. समोर एक मासा शांत उभा होता. त्याला तोंडापुढे आणखी एक शेपटी होती. मला वाटलं माझा चष्मा गेला. मी जवळ गेलो. ती शेपटी थोडी हलली, थोडी आत गेली, पुन्हा थोडी आत गेली. तिच्यावरची खाच मी ओळखली, जरा तिरकी होती, कारण ती माझी होती. मासा घाई करत नव्हता आणि सगळा वेळ माझ्याकडेच बघत होता. शेवटी तोंड मिटलं, मिशा सारख्या केल्या, आणि तो बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी लेकीच्या पलंगावर बसलो ते अर्धा तास उठलो नाही.

हिला सांगितलं तर ती भाजी चिरताना मानही वर न करता म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्यांना रोज ताजं जेवण आणून देताय."

तुम्ही म्हणाल, मग तरी थांबायचं. अहो, पण वहीत माझ्या सह्या झाल्या होत्या. आज खरं लिहिलं तर कालचं खोटं ठरतं. आणि एव्हाना फोनवरही आकडे गेले होते. लेकीनं विचारलं, "बाबा, उपाशी टाकीतला एकही नाही गेला?" मी म्हटलं, "माझ्या ताब्यात असताना?" ती एवढी हसली. कितीतरी महिन्यांनी तिला तसं हसताना ऐकलं मी. त्या हसण्यापुढे खरा आकडा सांगायचा राहूनच गेला.

आता टाकीत दोन जाती झाल्या होत्या. सात मोठे, पुढे. बाकीचे लहान, मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर रचल्यासारखे दडलेले. रविवारी वजनासाठी जाळी टाकली की ते सात स्वतःहून जाळीत यायचे, लहान जेमतेम तीन हाती लागायचे. मग सरासरी वाढणार नाहीतर काय होणार? ज्या काट्यावर वजन केलं तो काटा हिनं पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही.

मी त्या सहाव्या आठवड्याची वाट बघत होतो. एकदा पोटभर गोळ्या सुरू झाल्या की हा प्रकार थांबेल, असा माझा हिशेब. सोमवारी सकाळी सातला मी मूठभर गोळ्या टाकल्या. त्या पाण्यावर तरंगत राहिल्या. सातही मासे गोळ्यांखाली स्थिर उभे. एकानं वर बघितलं नाही. ते दाराकडे बघत होते. दाराशी माझी रिकामी बादली होती.

त्यानंतर मी बाजारातून आलो की किल्ली लावायच्या आधीच आतून पाणी हलल्याचा आवाज यायचा. बादली तिरकी केली तरी नवा मासा बाहेर पडायला तयार नसायचा, कडेला शेपटी दाबून धरायचा. मला त्याला बोटानं ढकलावं लागायचं. बेडपॅन मोजण्यात हयात गेली माझी, पण असलं काम मी कधी केलं नव्हतं. रात्री जेवण जाईना. पथ्याच्या वेळी उतरलं नव्हतं एवढं वजन माझं त्या तीन आठवड्यांत उतरलं, आणि विमावाले मला आता नवीन पॉलिसीबद्दल विचारीनासे झाले.

आठही आठवडे संपले आणि लेक आली, उन्हानं काळवंडलेली, आनंदात. दुसऱ्या दिवशी तिचे सर आले. उंच, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मासे मोजले आणि दहा काढून वजनं केली. उपाशी टाकीची सरासरी पोटभर टाकीच्या वर गेली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वजनं केली.

"कसर भरून निघणं आम्ही पाहिलंय," ते म्हणाले, "पण हे पुढे निघून गेलेत. आणि तीसपैकी तीस जिवंत?"

"बाबांची नोंद आहे, सर," लेक म्हणाली. "त्यात एक नग इकडचा तिकडे व्हायचा नाही."

तिनं हे इतक्या अभिमानानं म्हटलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. सर कागद भरत होते. भरता भरता म्हणाले, "हे छापून आलं की तळी असलेले लोक हेच करतील. पाच आठवडे माशांना उपाशी ठेवतील." मग कागद माझ्यापुढे सरकवला. खाली ओळ होती: नोंदी घेणाऱ्याची सही.

असल्या ओळीवर मी आयुष्यात हजारो सह्या केल्या आहेत. डोळे मिटून केल्या आहेत. पण पेन हातात घेतलं आणि ती तळी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. कुणाकुणाची, कुठलीकुठली. पाण्यात सात सात मोठे मासे आणि काठावर बघत बसलेला माणूस. तिथे तर तूट भरून द्यायला मी नसणार.

"साहेब," मी म्हणालो, "हे तीस ते तीस नाहीत. मी एकेचाळीस मासे विकत आणून सोडले. खाचाही मीच पाडल्या."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिचा चेहरा लहानपणी ती हरवली होती आणि सापडली तेव्हा होता तसा झाला होता, आणि तो मी केला होता. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस वाटली की काय सांगू.

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "मुदत उद्या दहाला संपते," ते लेकीला म्हणाले. "कुठल्या दिवशी किती कमी झाले, केवढे घातले, हे खरं मिळालं तर प्रयोग दुसऱ्या अंगानं उभा राहतो. उपासमारीत हे मासे एकमेकांना खातात हे ऐकिवात आहे, पण कुणी दिवसागणिक पाहिलेलं नाही. ते नाही मिळालं तर माझ्या हातात काही नाही."

सर गेल्यावर लेक तशीच पलंगावर बसून राहिली. हिनं ठेवलेला चहा गार झाला. मग ती कोरी वही घेऊन आली आणि टेबलाशी बसली. "लिहून ठेवलंयत कुठे?"

"छे. असलं कुणी लिहितं का?"

"मग संपलं, बाबा."

"पण पाठ आहे," मी म्हणालो. "भांडारवाल्याला आलेला माल आठवत नाही. गेलेला प्रत्येक नग आठवतो."

टाकीकडे पाठ करून मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगायला लागलो. दुसरा आठवडा, बुधवार, एक. शुक्रवार, दोन. पुढचा सोमवार, एक, जरा मोठा होता, पाच बोटं. कुठे अडलो तर ही दारातूनच दुरुस्ती करायची: "तो गुरुवार नव्हे. गुरुवारी तुम्ही बादली उंबऱ्यात सांडलीत, मी पुसलंय ते." विमावाले आले, त्यांना तीन तारखा ठाऊक होत्या, का ते मी विचारलं नाही. आणि शेवटी सेक्रेटरी एक फाईल घेऊन आले. तिच्यावर लिहिलं होतं 'संशयास्पद बादली'. माझी प्रत्येक खेप वेळेनिशी टिपलेली. मला घाम फुटला आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटले. लेकीनं सगळं ताडून बघितलं. माझ्या तोंडी हिशेबात एकाही दिवसाची चूक निघाली नाही. लिहिता लिहिता मागे दोनदा 'चुळुक' असा आवाज झाला होता. आम्ही कुणीच वळून पाहिलं नाही.

पाच वाजता एकेचाळिसावा वहीत उतरला. "आता आजची शिल्लक," लेक म्हणाली. आम्ही उठून मोजले. मी मोजले, तिनं मोजले, पुन्हा मी मोजले. सरांनी दुपारी तीस मोजले होते. आता अठ्ठावीस होते. सात मोठे आमच्या बाजूला रांगेत उभे होते, तोंडं मिटलेली.

माझी नजर घड्याळाकडे गेली. बाजार सातपर्यंत उघडा असतो. हात आपोआप बादलीकडे गेला होता, तो मी नाही, लेकीनं पाहिला. तिनं फक्त वही माझ्यापुढे सरकवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

मी 'अठ्ठावीस' लिहिलं. आकडा दुसऱ्याच कुणी काढल्यासारखा आला. त्याखाली सही केली. तुटीखाली सही करायची माझी ही पहिलीच वेळ.

लेकीनं वही ओढून घेतली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि तारीख घातली.

"बाबा," ती म्हणाली, "आता बरोबर भरलं."